रिकाम्या जागेचे नाव

(इंदूर येथे मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. संस्थांची संकेतस्थळे व कार्यालयीन पत्रे साच्यांवरून तयार करणाऱ्यांस त्याचा उपयोग व्हावा, या हेतूने तो येथे देत आहोत.)



आजच्या व्याख्यानाचा विषय दिसावयास फार लहान आहे. साच्यातील रिकाम्या जागेला नाव कसे द्यावे, आणि ते नावच आयत्या वेळी घडवावयाचे झाल्यास कोणती पथ्ये पाळावीत, एवढाच तो आहे. संगणकाच्या परिभाषेत याला वेबसाच्यातील बदलती चलनामे असे म्हणता येईल. विषय यंत्राचा असला तरी त्यात गणितापेक्षा भाषेचा भाग अधिक आहे. म्हणूनच कलाशाखेच्या माणसाने त्यावर बोलावे, यात फारसे विपरीत नाही असे मी मानतो.

सरकारी छापील नमुना आपणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी भरलेला असेल. वर ‘श्री./श्रीमती/कुमारी’ असे छापलेले असते, पुढे ठिपक्यांची ओळ असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘लागू नसेल ते खोडावे’ अशी सूचना असते. कागद छापताना अर्जदार कोण असणार हे छापखान्यास ठाऊक नसते. म्हणून संभाव्य असे सर्व काही छापून ठेवावयाचे आणि निवड ज्याची त्याच्यावर सोपवावयाची, अशी ही व्यवस्था. महसूल खात्यात अशा कागदाला ‘नमुना’ म्हणतात. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा होय. वेबपृष्ठांच्या संदर्भात मराठीत ‘साचा’ हा शब्द रुळला आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने तोच स्वीकारला, आणि तो समर्पकही आहे. कारण मोदकाच्या साच्याप्रमाणे येथेही आकार ठरलेला असतो व सारण निराळे असते.

साच्यांच्या भाषा अनेक आहेत. १९९५ साली रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी ही भाषा लोकांना खुली केली. तिच्यासाठी पुढे स्मार्टी, ट्विग या साचाभाषा आल्या. पायथन वापरणाऱ्यांसाठी जिंजा आहे, जँगोची स्वतःची साचाभाषा आहे. दुकानदारीच्या संकेतस्थळांवर लिक्विड आढळते. बहुतेकींची रीत एकच. स्थिर मजकूर जसाच्या तसा लिहावयाचा आणि जेथे बदलती वस्तू यावयाची तेथे दोन महिरपी कंस उघडून, आत त्या वस्तूचे नाव लिहून, दोन कंस मिटावयाचे. या बदलत्या वस्तूला ‘चल’ म्हणतात. कंसांत ‘शीर्षक’ असे लिहिले असेल, तर पृष्ठ तयार होताना शीर्षक या चलात जे काही साठविले असेल ते त्या जागी येऊन बसते. कंसांत लिहिले जाते ते जागेचे नाव आणि छापले जाते ते त्या नावाखाली ठेवलेले द्रव्य. हा भेद ध्यानी असला म्हणजे पुढचे सारे सोपे होते.

आता आपली इंदूरची अडचण पाहू. येथील एखादे मराठी मंडळ आपले संकेतस्थळ उघडते. सभासद मराठी, शेजार हिंदी, परदेशी गेलेल्या मुलांची मुले इंग्रजी वाचणारी. साहजिकच प्रत्येक कार्यक्रमाचे नाव, ठिकाण, वेळ आणि निमंत्रणाचा मजकूर तीन भाषांत ठेवावा लागतो. मग ‘शीर्षक_मराठी’, ‘शीर्षक_हिंदी’, ‘शीर्षक_इंग्रजी’ अशी तीन चले होतात. साच्यात लिहावयाचे ते असे : भाषा मराठी असेल तर पहिले दाखव, हिंदी असेल तर दुसरे, नाही तर तिसरे. एका शीर्षकापुरते हे ठीक आहे. परंतु पृष्ठावर अशा चाळीस जागा असल्या, तर तीच तीन पदरी अट चाळीस वेळा लिहावी लागेल, आणि उद्या कोणी गुजराती सभासदांसाठी चौथी भाषा मागितली की चाळीसही ठिकाणी हात घालावा लागेल. येथे कोणाही चतुर माणसाच्या मनात येते की, ‘शीर्षक_’ एवढे स्थिर ठेवावे आणि त्यापुढे चालू भाषेचे नाव जोडून त्या जोडशब्दालाच चलाचे नाव मानावे. नावातील अर्धा भाग छापील, अर्धा भाग हाताने भरलेला. हेच बदलते चलनाम.

नवशिक्यांचा पहिला प्रयत्न बहुधा कंसांत कंस घालण्याचा असतो. ट्विगमध्ये तो साधत नाही. एकदा महिरपी कंस उघडले की आत पुन्हा तेच कंस उघडणे तिला मान्य नाही, आणि ती चूक दाखवून थांबते. दुसरा प्रयत्न टिंबाचा. ‘कार्यक्रम’ या वस्तूतील ‘शीर्षक’ हवे असल्यास मध्ये टिंब देऊन ‘कार्यक्रम.शीर्षक’ असे लिहितात. त्याच धर्तीवर ‘किल्ली’ या चलात ‘शीर्षक_मराठी’ हा शब्द ठेवून ‘कार्यक्रम.किल्ली’ असे लिहिले जाते, आणि काहीच उमटत नाही. कारण टिंबानंतरचा शब्द यंत्र अक्षरशः घेते; ते ‘किल्ली’ याच नावाचा खण शोधू लागते. किल्लीत काय आहे ते पाहून त्या नावाचा खण उघडावयाचा असेल, तर टिंबाऐवजी चौकटी कंस वापरावे लागतात. एखाद्याला ‘दादांना बोलाव’ असे सांगितल्यावर त्याने ‘दादा’ याच नावाचा गृहस्थ गावभर शोधावा, तसा हा प्रकार आहे.

ट्विगमध्ये याची आणखी एक सोय आहे. साच्याला पुरविलेली सर्व चले एका मोठ्या पेटीत असतात व त्या पेटीलाही नाव आहे. ‘कॉन्टेक्स्ट’ हा शब्द आणि त्याच्या आधी एक खालची रेघ. त्या नावापुढे चौकटी कंस उघडून आत ‘शीर्षक_’ हा शब्द, मग जोडणीचे नागमोडी चिन्ह आणि मग भाषेचे चल लिहिले की काम झाले. पीएचपीत तर डॉलरचे चिन्ह दोनदा लिहिले तरी हेच साधते. जँगोच्या कर्त्यांनी मात्र ही वाट साच्यात मुद्दामच ठेवलेली नाही. साच्यात हिशेब नकोत, ते साच्याबाहेर करावेत, असा त्यांचा आग्रह आहे. ज्याला अशी निवड करावयाची असेल त्याने ती अगोदर करून साच्याच्या हाती तयार वस्तू द्यावी, अथवा स्वतःची चाळणी लिहावी. हा आग्रह प्रथमदर्शनी जाचक वाटतो. तो सर्वस्वी निराधार नाही, हे पुढे येईलच.

आपण ज्या नगरीत बसलो आहोत तिच्या इतिहासात या व्यवस्थेचा एक पूर्वज सापडतो. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर ही होळकर संस्थानाची राजधानी झाली. त्यापूर्वी अहिल्यादेवींचा कारभार १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वराहून चाले. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत असे, आणि तो पाहिलेल्यांस ठाऊक असेल की पत्राचा प्रारंभ मनास येईल तसा करता येत नसे. पत्र कोणास जावयाचे यावर मायना ठरे. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, शास्त्र्यांस ‘वेदशास्त्रसंपन्न’, सुवासिनीस ‘सौभाग्यवती’, विधवेस ‘गंगाभागीरथी’, बरोबरीच्या सरदारास ‘राजमान्य राजश्री’. मायन्यापुढे नाव, नावापुढे ‘यांसी’, आणि मग नमस्कार की आशीर्वाद तेही त्याच नात्यावरून. कारकुनाच्या हाती साचा होता, साच्यात मायन्याची जागा होती, आणि त्या जागी काय यावे हे दुसऱ्याच एका गोष्टीवर, म्हणजे समोरच्याच्या पदावर अथवा नात्यावर, अवलंबून होते. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर पत्रलेखनाच्या नियमांची ‘मेस्तक’ नावाची रचना परंपरेने सांगितली जाते. म्हणजे तेराव्या शतकापासून मराठी दफ्तरास या प्रश्नाची जाण होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीतील मर्म असे की, कारकून मायना निवडी. तो मायना घडवीत नसे. त्याच्यापुढे ठरीव यादी होती. अपरिचित दर्जाचा मनुष्य आला तर तो वरिष्ठास विचारी. ‘राज’ या शब्दास काहीतरी जोडून पाहावे, जुळले तर जुळले, असा उद्योग त्याने केला असता तर सरदार रुसले असते, आणि त्या काळी सरदारांचे रुसणे महागात पडे. आमच्या विषयाचा निम्मा भाग या एका निरीक्षणात आला. नावे जोडून घडविण्याची सोय यंत्र देते. त्या सोयीचा उपयोग केवळ ठरीव यादीतील नाव उचलण्यापुरता करावा. त्यासाठी सुटी चले पसरून ठेवण्याऐवजी ‘शीर्षक’ नावाचा एकच तक्ता करावा, त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन खण ठेवावेत आणि चौकटी कंसांत भाषेचे नाव देऊन हवा तो खण उघडावा. परिणाम तोच, परंतु खण किती व कोणते हे एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि नावे शिवण्याची शिलाई उसवत नाही.

शिलाईच्या या कामाचे आजचे मोठे मराठी उदाहरण म्हणजे विकिपीडियावरील ध्वजाचा साचा. लेखात ‘ध्वज’ हा साचा बोलावून त्याला ‘भारत’ असे सांगितले की तिरंगा व भारताचे नाव उमटते. हे होते कसे? ‘ध्वज’ हा साचा मिळालेल्या नावाआधी ‘देश माहिती’ हे शब्द जोडतो आणि ‘देश माहिती भारत’ नावाचा दुसरा साचा बोलावतो. जपान म्हटले तर ‘देश माहिती जपान’. या ठिकाणी कंसांत कंस चालतात, कारण विकिपीडियामागील मीडियाविकी ही प्रणाली सर्वांत आतला कंस आधी सोडविते. अनेक भाषांतील विकिपीडियांनी हीच युक्ती वापरली आहे आणि लक्षावधी पृष्ठे तिच्यावर उभी आहेत. ती टिकते, याचे कारण देशांची यादी मर्यादित आहे आणि यादीत नसलेले नाव आले तर ते लपून राहत नाही. हव्या त्या नावाचा साचा नसेल तर पृष्ठावर त्या नावाचा लाल दुवा उमटतो. चलाला मूल्यच दिले नसेल, तर तीन महिरपी कंसांसह त्याचे नावच जसेच्या तसे छापले जाते. ते बेढब दिसते खरे. पण त्या बेढबपणामुळेच कोणीतरी दुरुस्तीस धावतो.

याउलट ट्विग, जिंजा, जँगो, लिक्विड यांची मूळ मांडणी अशी आहे की, चलाचे नाव सापडले नाही तर तेथे काहीच छापावयाचे नाही. चूक नाही, इशारा नाही, केवळ कोरी जागा. नाव आपण हाताने लिहिले असेल तर ते चुकण्याची शक्यता बेताची असते, आणि चुकलेच तर डोळ्यांस दिसते. नाव जोडून घडविले असेल तर चुकीचे नाव साच्यात कोठेही लिहिलेले नसते. ते त्या क्षणी जन्मते आणि त्या क्षणी विरते. साचा कितीही वेळा वाचला तरी त्यात दोष दिसणार नाही. मंडळाच्या कोजागरीच्या निमंत्रणात स्थळ कोरे राहिले तर फार तर दूरध्वनी खणाणतील. परंतु हेच साचे आता दाखल्यांसाठी वापरले जातात. सार्वजनिक सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याची हमी देणारा कायदा मध्य प्रदेशाने २०१० साली, देशात सर्वप्रथम, केला. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला आज यंत्रातून निघतो. समजा, अशा दाखल्यावर ‘तालुका’ या शब्दापुढची जागा कोरी राहिली. यंत्राच्या दृष्टीने दाखला मुदतीत दिला गेला, नोंद पूर्ण झाली. विद्यार्थिनी तो घेऊन महाविद्यालयात जाते आणि खिडकीतील लिपिक तो परत करतो, कारण अपूर्ण दाखला स्वीकारण्याचा अधिकार त्याला नाही. प्रवेशाची मुदत मात्र त्या कोऱ्या जागेसाठी थांबत नाही.

म्हणून पहिले पथ्य हे की, नाव न सापडल्यास काय व्हावे ते कर्त्याने स्वतः सांगितले पाहिजे. ट्विगमध्ये कडक तपासणीची कळ आहे. ती दाबली की अनोळखी नावावर पृष्ठ तयार होण्याचे थांबते. जिंजातही तसा कडक प्रकार निवडता येतो. निमंत्रणासाठी पर्यायी मजकूर ठेवावा. मराठी मजकूर नसेल तर हिंदी दाखवावा, आणि तो हिंदी का आहे हे एका ओळीत सांगावे. दाखल्यासाठी मात्र पर्याय नको. तेथे यंत्राने थांबावे व माणसास हाक मारावी.

आता खास आपल्या भाषेतील काट्यांकडे वळतो, कारण या विषयावरील इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख असण्याचे कारण नाही.

जोडून घडविलेले नाव यंत्र अक्षराअक्षराने ताडून पाहते. माणसाला ‘१’ हा देवनागरी एक आणि रोमन लिपीतील एक दोन्ही एकच. यंत्राला ती दोन परकी चिन्हे आहेत. मीडियाविकीत साच्याला दिलेल्या पहिल्या वस्तूचे नाव रोमन अंकातील एक असे असते. कोणी मराठीच्या अभिमानाने तेथे देवनागरी ‘१’ लिहिला, तर ती वस्तू हाती लागणार नाही. दुसरा काटा ‘साताऱ्या’तील अर्ध्या र-चा. तो युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, दुसऱ्या रीतीत टिंब असलेला र आणि हलन्त. पडद्यावर व कागदावर दोन्ही तंतोतंत एक दिसतात. तक्ता एका टंकलेखकाने एका रीतीने भरला आणि अर्ज दुसऱ्या रीतीने आला, तर दोन्ही शब्द डोळ्यांपुढे शेजारी ठेवूनही दोष सापडणार नाही. तिसरा काटा तर आपल्या दाराशीच आहे. हे शहर मराठीत इंदूर आणि हिंदीत इंदौर. ‘पत्ता_इंदूर’ या नावाचा खण असेल व हिंदी अर्जातून ‘इंदौर’ आले, तर खण उघडणार नाही.

यावर उपाय असा की, ज्या शब्दाने खण उघडावयाचा तो शब्द लोकांनी वाचावयाचा नसावा. दाखवावयाचे नाव वेगळे, ओळखीचे चिन्ह वेगळे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने राज्यापासून गावापर्यंत प्रत्येकास सांकेतिक क्रमांक दिलेले आहेत. महाराष्ट्राचा क्रमांक २७, मध्य प्रदेशाचा २३. क्रमांकाला शुद्धलेखन नसते आणि अस्मिताही नसते. क्रमांकावरून खण उघडावा व आत इंदूर, इंदौर आणि इंग्रजी स्पेलिंग अशी तिन्ही रूपे सुखाने नांदू द्यावीत. अर्थात क्रमांकही साच्यात सर्वत्र एकाच लिपीत असावेत, हे ओघाने आलेच. छापताना ते देवनागरीत करून घ्यावेत.

याहून अवघड, आणि मला व्यक्तिशः सर्वांत रंजक वाटणारा, प्रश्न विभक्तीचा आहे. इंग्रजीत गावाच्या नावाआधी एक अव्यय ठेवले की काम भागते. नाव बदलत नाही. मराठीत नावच वाकते. पुणे असेल तर पुण्यात, सातारा असेल तर साताऱ्यात, कोल्हापूर असेल तर कोल्हापुरात, सांगली मात्र सांगलीत, बडोदे असेल तर बडोद्यात. साच्यात रिकाम्या जागेपुढे ‘त’ हा प्रत्यय छापून ठेवला, तर ‘पुणेत’ आणि ‘सातारात’ असे अपभ्रष्ट मराठी कायमचे छापले जाईल. वाहिन्यांच्या पट्ट्यांवर व दुकानांच्या संदेशांत हे मराठी हल्ली नित्य दिसते, आणि त्याचे खापर आपण नव्या पिढीच्या अज्ञानावर फोडतो. पुष्कळदा ते अज्ञान साच्याचे असते.

शासकीय मराठीची रुक्ष म्हणून थट्टा होते, ‘श्री. अमुक यांना’, ‘मौजे अमुक येथील’, ‘अमुक या ठिकाणी’ असे आडवळणाने बोलण्याची ही काय रीत, असे लोक विचारतात. त्या आडवळणात शहाणपण आहे. नावाला प्रत्यय लावावयाचा नाही. नावाशेजारी ‘यांना’, ‘येथे’, ‘या’ असे एक सर्वनाम वा अव्यय उभे करावयाचे आणि विभक्तीचे ओझे त्याच्या खांद्यावर द्यावयाचे. मग रिकाम्या जागेत पुणे येवो की बडोदे, गोखले येवोत की कुलकर्णी, वाक्य मोडत नाही. ‘आपण अर्ज केला’ की ‘केलात’, ‘आल्या’ की ‘आले’ हा पेचही ‘आपला अर्ज प्राप्त झाला आहे’ अशा रचनेने चुकविता येतो. जुन्या पत्रातील ‘यांसी’ हेच काम करी. छापील नमुन्यांनी ही शैली अधिक दृढ केली असावी, असा माझा तर्क आहे. दाखल्यासाठी व नोटिशीसाठी हीच भाषा वापरावी. ती साच्यासाठी जणू घडविलेली आहे.

निमंत्रणाला मात्र ती शोभत नाही. ‘इंदूर या ठिकाणी कोजागरी साजरी करण्यात येणार आहे’ हे वाचून दूध आटण्याऐवजी उत्साहच आटावयाचा. तेथे ‘इंदुरात’ असेच हवे. मग गावाच्या खणात एकच रूप ठेवून चालणार नाही. मूळ रूप ‘इंदूर’ आणि सामान्यरूप ‘इंदुरा’ अशी दोन ठेवावीत, आणि साच्याने प्रत्यय लागणार असेल तेथे दुसरे उचलावे. ‘सामान्यरूप’ ही संज्ञा शाळेत आपण पाठ केली व विसरलो. तिचा असा रोकडा उपयोग निघेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नसेल. नात्यांच्या बाबतीतही तसेच. ‘अर्जदाराचा मुलगा’, ‘अर्जदाराची मुलगी’, ‘अर्जदाराचे अपत्य’ यांतील चा, ची, चे हे प्रत्यय पुढच्या शब्दाच्या लिंगावरून ठरतात. तेव्हा नात्याच्या तक्त्यात प्रत्येक नात्याशेजारी त्याचा प्रत्यय लिहून ठेवावा.

संख्येचा प्रश्न त्यामानाने सुटलेला आहे. भाषांतराच्या अनेक प्रणाली शब्दाच्या मूळ नावास ‘एक’ वा ‘इतर’ अशा अर्थाची शेपटी आपोआप जोडतात व त्या नावाचा मजकूर उचलतात. एक नोंद, दोन नोंदी, शून्यालाही नोंदीच. मराठीस दोन शेपट्या पुरतात, अरबीस सहा लागतात. ही घडविलेली नावेच आहेत, तरी ती निर्धोक ठरली, कारण शेपट्यांची यादी भाषागणिक आधीच निश्चित केलेली आहे.

आणखी एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. नाव घडविताना त्याचा एखादा भाग बाहेरून, म्हणजे पृष्ठ पाहणाऱ्याकडून, आलेला असतो. भाषा कोणती हे वाचकच निवडतो. त्याने भाषेच्या जागी ‘मराठी’ऐवजी दुसरेच काही लिहून पाठविले तर? आपले यंत्र ते जोडून त्या नावाचा खण उघडू पाहील, आणि पेटीत सभासदांचे दूरध्वनी वा गुप्त शब्द असतील तर तेही कोणा चाणाक्ष पाहुण्याच्या हाती पडू शकतील. ही कल्पनेतील भीती नव्हे. पीएचपीत पूर्वी अशी व्यवस्था होती की, वेबवरून येणाऱ्या विनंतीत जी नावे असतील त्या नावांची चले आपोआप तयार होत. सोय मोठी होती. परंतु पाहुण्यानेच घरातील वस्तूंची नावे ठरवावीत अशी ती सोय. तिच्यातून इतके दोष निघाले की २००२ साली ४.२ या आवृत्तीत ती मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ साली ५.४ या आवृत्तीत काढूनच टाकण्यात आली. जँगोच्या आग्रहाचे मर्म येथे लक्षात येईल. बाहेरून आलेला शब्द प्रथम आपल्या यादीशी ताडावा. यादीत असेल तरच त्यास साच्याच्या उंबरठ्याआत घ्यावे. नसेल तर मुकाट्याने मराठी दाखवावे आणि पुढे जावे.

व्याख्यानानंतर ज्या मंडळांना आपापल्या संकेतस्थळाचे काम हाती घ्यावयाचे आहे, त्यांना एक सोपी तपासणी सुचवितो. तिला संगणकाचे ज्ञान लागत नाही. तक्त्यात जितक्या ओळी असतील तितक्या प्रती काढाव्यात. गावे बारा व भाषा तीन असतील तर छत्तीस. त्या प्रती साचा लिहिणाऱ्याकडे देऊ नयेत, कारण तो मनातले वाचतो आणि कोरी जागा त्याला भरलेली दिसते. मंडळातील एखाद्या निवृत्त शिक्षकांना त्या द्याव्यात व मोठ्याने वाचावयास सांगावे. जेथे त्यांचा आवाज अडखळेल तेथे खूण करावी. छत्तीस प्रती वाचावयास अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि त्यापुढे चहा झालाच तर कोणाची हरकत नसावी. एवढे करताना इंदूरची ओळ आली की ‘इंदुरात’ यातील ‘दु’ ऱ्हस्वच छापला गेला आहे ना, हे तेवढे आवर्जून पाहावे.